लॅक्स्टन: गाव मिळून शेती ठरवणारं शेवटचं इंग्लिश खेडं

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की झुडपांच्या कुंपणांनी आखलेले हिरवे चौकोन, मधून जाणारी अरुंद वाट आणि लांबवर चर्चचा मनोरा असं चित्र डोळ्यांपुढे येतं. कॅलेंडरांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर तेच छापलेलं असल्यामुळे ते पहिल्यापासून तसंच असावं असं वाटतं. पण मध्य इंग्लंडमधली यातली बरीचशी कुंपणं अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात घातली गेली. त्याआधी कित्येक शतकं तिथल्या गावांभोवती कुंपण नसलेली दोन-तीन प्रचंड शेतं असत. प्रत्येक कुटुंबाच्या पट्ट्या त्यांत विखुरलेल्या असत आणि काय पेरायचं, कापणी कधी करायची, गुरं कधी सोडायची हे गाव मिळून ठरवत असे.

ही व्यवस्था तिच्या नियमांसकट आणि न्यायसभेसकट आज एकाच गावात चालू आहे, नॉटिंगहॅमशर परगण्यातल्या लॅक्स्टनमध्ये. डेव्हनमधल्या ब्रॉन्टन गावात आणि लिंकनशरच्या अ‍ॅक्सहोम भागात जुन्या पट्ट्या अजून दिसतात, पण त्यांचा कारभार पाहणारी जुनी न्यायसभा तिथे उरलेली नाही. इंग्लिश खेडं मुळात काय होतं, तिथल्या सोयी कुणी उभ्या केल्या आणि आज त्या कोण चालवतं, हे समजून घ्यायला मला लॅक्स्टनइतकं चांगलं गाव दुसरं दिसत नाही.

तीन शेतं

लॅक्स्टनच्या तीन मोकळ्या शेतांची नावं वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. तिन्ही मिळून पाचशे एकरांच्या आसपास जमीन आहे. दरवर्षी एका शेतात हिवाळी गहू असतो, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, म्हणजे बार्ली किंवा वाटाण्यासारखं कडधान्य, आणि तिसरं पड. पुढच्या वर्षी गव्हाच्या जागी वसंतातलं पीक येतं, त्याच्या पुढच्या वर्षी तीच जमीन पड राहते. रासायनिक खतं नव्हती त्या काळात पड ठेवल्यामुळे जमिनीला विसावा मिळायचा, तण मोडायचं आणि गावच्या मेंढ्या तिथे चारल्या की लेंडीखत फुकट मिळायचं. आज या पड शेतात बहुधा चाऱ्याचं गवत घेतलं जातं, पण तीन वर्षांचं चक्र तेच आहे.

एका शेतकऱ्याची सगळी जमीन एका ठिकाणी का नाही? आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीत काळीचा तुकडा, माळाचा तुकडा आणि ओढ्याकाठचा तुकडा असा प्रत्येकातला हिस्सा मागितला जातो, त्यामागचा विचारच इथेही आहे. पाऊस जास्त झाला तर खालच्या अंगाच्या पट्ट्या सडतील पण वरच्या वाचतील, कोरडं गेलं तर उलट होईल. कुणा एकाचं घर पूर्ण बुडणार नाही. शिवाय तीन शेतांपैकी एक दरवर्षी पड राहणार असल्यामुळे प्रत्येकाची जमीन तिन्ही शेतांत असणं भागच होतं. ज्याची सगळी जमीन एकाच शेतात असेल त्याने पडीच्या वर्षी खायचं काय?

पट्ट्यांचा लांबट आकार नांगरामुळे आला. जड मातीत आठ-आठ बैलांचा नांगर वळवणं हे फार कष्टाचं काम, म्हणून सरळ रेषेत जितकं लांब जाता येईल तितकं जायचं आणि कमीत कमी वेळा वळायचं. बैलांना न थांबता नांगराची जेवढी लांब रेघ ओढता येई ती लांबी पुढे २२० यार्ड धरली गेली. तिलाच फर्लांग म्हणतात. रुंदी २२ यार्ड धरली की ४,८४० चौरस यार्ड होतात, म्हणजे एक एकर, आपले ४० गुंठे. एका जोडणीने एका दिवसात नांगरायची जमीन असा एकराचा ढोबळ हिशोब होता. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, तीही याच मोजणीच्या साखळीची लांबी.

जिथे जमीन फार ओली किंवा फार उताराची आहे तिथे नांगर कधीच घातला नाही. शेतांच्या मधून जाणाऱ्या या गवताळ पट्ट्यांना तिथे साइक म्हणतात. गावाची सामायिक मालमत्ता म्हणून त्या राखल्या गेल्या आणि त्यांवरच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. शतकानुशतकं माती न उलटल्यामुळे तिथे रानफुलांच्या अशा जाती टिकल्या आहेत, ज्या आसपासच्या शेतांतून नाहीशा झाल्या. म्हणून सरकारने या साइकना निसर्गशास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण दिलं आहे. निसर्ग वाचवायचा म्हणून कुणी त्या राखल्या नव्हत्या. गवताचे हक्क सगळ्यांचे होते, त्यामुळे एकट्याला त्या मोडता आल्या नाहीत, आणि फुलं वाचली.

या पद्धतीचा परिणाम घरांवरही दिसतो. इंग्लंडमध्ये इतरत्र जमिनी एकत्र झाल्यावर शेतकरी आपापल्या शेतात वस्ती करून राहिला. लॅक्स्टनमध्ये मात्र शेतकऱ्यांचे वाडे, कोठारं, गोठे सगळं गावातल्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. बऱ्याच घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबी मागे परसाकडे जाते. ट्रॅक्टर सकाळी गावातून निघतात आणि संध्याकाळी गावात परततात.

बांध कोरणाऱ्याला दंड

दोन पट्ट्यांमध्ये कुंपण नाही, बांध नाही. मग शेजाऱ्याने नांगराच्या एका रेघेएवढी जमीन जास्त नांगरली तर? सामायिक साइक कुणी हळूहळू आत घेतली तर? या प्रश्नासाठी कोर्ट लीट नावाची गावची न्यायसभा आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू पेरून झाल्यावर, गावकऱ्यांमधून नेमलेली ज्युरी त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात फिरते. सगळे स्वतः शेतीतले जाणते असतात. ते पट्ट्यांच्या हद्दी पाहतात, खुंट्या हलल्या किंवा गेल्या असतील तर नव्या ठोकतात, आणि कुणी वाटेवर किंवा साइकवर नांगर घातला असेल तर टिपून ठेवतात. साधारण आठवड्याने गावच्या डव्हकोट इन या पबमध्ये सभा भरते. जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो. हजेरी घेतली जाते, आणि न आलेल्यांना नाममात्र, काही पेन्सांचा दंड होतो. ज्युरीने सांगितलेली अतिक्रमणं वाचली जातात, त्यांचा दंड ठरतो आणि पुढच्या वर्षीच्या शेतासाठी नवी ज्युरी शपथ घेते. जुन्या काळी मोकाट जनावरं पकडून कोंडवाड्यात घालण्यासाठी पिंडर नावाचा अधिकारी असे. गावात तो कोंडवाडाही आहे.

दंडाची रक्कम किरकोळ असते, पण ज्याच्याशी रोज पबमध्ये, चर्चमध्ये, रस्त्यावर गाठ पडते त्या शेजाऱ्यांसमोर आपलं नाव वाचलं जाणं ही खरी शिक्षा. मला तर या व्यवस्थेचा सगळा प्राण इथेच दिसतो. नियम मोडणारा आणि निकाल देणारा एकमेकांना ओळखतात, आणि आज ज्युरीत असलेला उद्या आरोपी असू शकतो, म्हणून निकाल समतोल राहतो.

अशा न्यायसभा एके काळी गावोगावी होत्या. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने त्यांचे उरलेसुरले कायदेशीर अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनच्या सभेला मात्र त्या कायद्यातून मुद्दाम वगळलं. त्यामुळे तिथला दंड हा आजही कायद्याने खरा दंड आहे.

बाकीची गावं कुठे गेली?

लॅक्स्टनची नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात आहे. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर जमिनी, नांगर, गिरण्या, माणसं यांची गावनिहाय मोजणी करवली, त्याचं हे दप्तर. पुढे नॉर्मन सरदारांनी गावाच्या उत्तरेला मातीचा उंच ढिगारा रचून त्यावर किल्ला बांधला. शेरवुडच्या राजवनाचे रखवालदार याच गावचे धनी होते. किल्ल्याचं बांधकाम गेलं, पण मातीचे उंचवटे आणि खंदक स्पष्ट दिसतात. सेंट मायकल चर्चमध्ये त्या एव्हरिंगहॅम घराण्यातल्या लोकांच्या कोरीव मूर्ती आहेत. त्यांतली एक ओकच्या लाकडाची आहे, आणि मध्ययुगातली लाकडी मूर्ती इतकी टिकणं दुर्मीळ.

सोळाव्या शतकापासून लोकरीला भाव आला, आणि मोठ्या जमीनदारांना पट्ट्या एकत्र करून, कुंपण घालून मेंढ्या पाळणं किंवा नव्या पद्धतीची शेती करणं फायद्याचं वाटू लागलं. आधी हे गावातल्या गावात तडजोडीने किंवा जबरदस्तीने होई. नंतर त्यासाठी संसदेत कायदे होऊ लागले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि त्यांनी सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त जमीन कुंपणाआड गेली.

या बदलाने उत्पादन वाढलं असं म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि त्यात तथ्यही आहे. पण किंमत कुणी मोजली ते पाहिलं पाहिजे. ज्यांच्याकडे कागदावर जमीन होती त्यांना तिच्या बदल्यात एकत्र तुकडा मिळाला. ज्यांच्याकडे फक्त गायरानात एक गाय चारण्याचा किंवा सरपण गोळा करण्याचा रिवाजाने चालत आलेला हक्क होता, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती काहीच आलं नाही. गाय गेली, दूध गेलं, आणि वर्षभर मजुरीवर अवलंबून राहणं आलं. त्यांतलेच पुढे शहरांतल्या गिरण्यांकडे वळले.

लॅक्स्टन यातून सुटलं ते कुणाच्या थोर विचारामुळे नव्हे. गावात दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स यांचं घराणं आणि अर्ल ऑफ स्कारबरो यांचं घराणं. दोघांच्या पट्ट्या एकमेकांत गुंतलेल्या, आणि अदलाबदलीच्या अटींवर त्यांचं कधी जमलं नाही. काही भागाला अठराव्या शतकात कुंपण पडलं, पण मधला गाभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शेतीत मंदी आली आणि कुंपणाचा खर्च कुणाला परवडेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स यांनी लहान पट्ट्या जोडून मोठ्या केल्या, पण मोकळी शेतं मोडली नाहीत. तोवर गावाचं ऐतिहासिक मोल लोकांच्या लक्षात आलं होतं. १९५२ मध्ये सरकारच्या कृषी मंत्रालयाने हे गाव विकत घेतलं, १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या नावे असलेल्या सार्वजनिक मालमत्तेत, क्राउन इस्टेटमध्ये गेलं आणि २०२० मध्ये शेजारच्या थोर्सबी इस्टेटने घेतलं, म्हणजे फिरून मॅनव्हर्स यांच्याच जुन्या वारशाकडे आलं. शेतकरी बहुतेक खंडकरी आहेत. खंडाच्या करारातच मोकळ्या शेतांची पद्धत पाळण्याची अट असते. ती अट नसती तर हे सगळं एका पिढीत संपलं असतं.

नकाशा काढवणारा आणि गोव्याला निघालेली जहाजं

लॅक्स्टनबद्दल इतकं नेमकं सांगता येतं ते एका नकाशामुळे. १६३५ मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने गावाची प्रत्येक पट्टी, प्रत्येक घर, प्रत्येक वाट मोजून मोठा रंगीत नकाशा केला आणि सोबत कुणाची पट्टी कोणती याची वही लिहिली. नांगरणारे, कापणी करणारे लोकही त्याने त्यात रेखाटले. नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

हा नकाशा काढवून घेतला सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने, जो तेव्हा गावाचा मालक होता. त्याचा मराठी मुलखाशी, निदान आपल्या किनाऱ्याशी, थेट संबंध येतो. त्याच १६३५ सालात राजा पहिला चार्ल्स याने ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता बाजूला सारून कोर्टेनच्या मंडळीला पूर्वेकडे व्यापाराची परवानगी दिली. कप्तान जॉन वेडेलच्या हाताखाली त्यांची जहाजं १६३६ च्या वसंतात निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याला पोचली. तिथून ती पुढे मलबार किनाऱ्याकडे आणि नंतर चीनला गेली. भटकळ आणि कारवारला या मंडळीने वखारी घातल्या. जहाजं वाटेत असतानाच कोर्टेन वारला.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. इंग्लंडचं खेडं जगापासून तुटलेलं, आपल्यातच रमलेलं होतं अशी समजूत आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही आहे. लॅक्स्टनच्या पट्ट्यांचा खंड ज्याच्या तिजोरीत जात होता, तो माणूस त्याच वेळी मिरीच्या व्यापारावर डाव लावत होता.

सोयी कोण पुरवतं?

आता आजच्या गावाकडे येऊ. इंग्लिश खेड्यातल्या सोयींची यादी करण्यापेक्षा त्या कुणाच्या जिवावर चालतात हे पाहिलं तर चित्र लवकर उलगडतं.

जुना पाया पॅरिशचा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतलं गाव किंवा काही वाड्या. १५३८ पासून पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायची असा हुकूम निघाला, म्हणून सामान्य शेतमजुराचीही वंशावळ तिथे अनेकदा काही शतकं मागे नेता येते. १६०१ च्या कायद्याने गावातल्या निराधारांची जबाबदारीही पॅरिशवर टाकली. त्यासाठी घरमालकांकडून पट्टी गोळा व्हायची. पुढे खर्च वाढला तशी दया आटली. लॅक्स्टनपासून जवळच असलेल्या साउथवेल गावात १८२४ मध्ये बांधलेलं गरिबांचं वर्कहाउस अजून उभं आहे. तिथे नवरा, बायको आणि मुलं वेगवेगळ्या भागांत ठेवत, अन्न मोजून देत आणि काम करून घेत, जेणेकरून अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी मदत मागायला येणार नाही. १८३४ चा देशभराचा कायदा करताना याच नमुन्याकडे पाहिलं गेलं. इंग्लिश खेड्याच्या गोड चित्रात ही इमारतही धरली पाहिजे.

१८९४ मध्ये चर्चचा कारभार आणि गावचा कारभार कायद्याने वेगळा झाला आणि निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली सुरू झाल्या. संसदेसाठी स्त्रियांना मत मिळायला अजून २४ वर्षं होती, पण या कौन्सिलींसाठी त्यांना मत देता येत होतं आणि उभंही राहता येत होतं. आज इंग्लंडमध्ये अशा दहा हजारांच्या आसपास कौन्सिली आहेत. सदस्यांना पगार नसतो. बाकं, बसथांब्याची शेड, दफनभूमी, खेळाचं मैदान, काही ठिकाणी रस्त्यावरचे दिवे, आणि भाजीपाला पिकवायला लोकांना भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे, ज्यांना अलॉटमेंट म्हणतात, हे त्यांच्याकडे. खर्चासाठी घरपट्टीवर छोटी जोडपट्टी बसवता येते.

आपल्या ग्रामपंचायतीची सवय असलेल्याला इथे एक गोष्ट गोंधळात टाकते. पाणी पॅरिश कौन्सिलकडे नाही, १९८९ पासून ते खासगी कंपन्यांकडे आहे. कचरा आणि बांधकाम परवानगी तालुक्यासारख्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, रस्ते, शाळा आणि वाचनालय काउंटी कौन्सिलकडे. लॅक्स्टनसाठी हे अनुक्रमे न्यूअर्क अँड शेरवुड आणि नॉटिंगहॅमशर. वरचे हे दोन थर एक करण्याचा बेत सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. थोडक्यात, गावातला खड्डा बुजवायचा असेल तर गावची कौन्सिल पत्र लिहू शकते, डांबर टाकू शकत नाही.

रोजच्या गरजांत सगळ्यात अवघड प्रश्न अंतराचा. बऱ्याच लहान गावांत आता दुकान नाही, डॉक्टर नाही, शाळा शेजारच्या गावात. आठ वर्षांखालच्या मुलाची शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल, किंवा मोठ्या मुलाची तीन मैलांपेक्षा, तर काउंटीने फुकट वाहन द्यायचं असा नियम आहे. ग्रामीण भागात औषधाचं दुकान एक मैलापलीकडे असेल तर डॉक्टरच्याच दवाखान्यातून औषधं मिळण्याची सोय होऊ शकते. पोस्टाची अनेक कार्यालयं २००७ नंतरच्या दोन वर्षांत बंद झाली, देशभरात सुमारे अडीच हजार. त्यांच्या बदली काही गावांत पोस्टाची गाडी येते किंवा गावच्या सभागृहात आठवड्यातून काही तास खिडकी उघडते. १९८६ पासून लंडनबाहेर बसमार्ग चालवणं खासगी कंपन्यांवर सोपवलं गेलं. जिथे प्रवासी कमी तिथे बस कमी, आणि म्हातारपणी गाडी चालवणं थांबलं की गावातच अडकायला होतं. निवृत्तांना बस फुकट आहे, पण बसच नसेल तर त्या पासाचा उपयोग काय? मला या सगळ्यात हाच अन्याय सर्वात मोठा वाटतो.

घरातल्या सोयीही शहरासारख्या नसतात. पुष्कळ खेड्यांना नळाचा गॅस पोचलेला नाही. परसात तेलाची टाकी असते आणि हिवाळ्यापूर्वी टँकर ती भरून जातो. भाव कमी पडावा म्हणून शेजारी मिळून एकदम मागणी नोंदवतात. काही घरांचं सांडपाणी अजून सेप्टिक टँकमध्ये जातं.

यापुढची गोष्ट मला लॅक्स्टनच्या न्यायसभेच्या जवळची वाटते. बाजार आणि सरकार दोघांनी हात काढून घेतला तेव्हा अनेक गावांनी सोयी पुन्हा सामायिक मालकीच्या केल्या. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावचा ओल्ड क्राउन हा पब २००३ मध्ये ग्राहकांनीच सहकारी संस्था काढून विकत घेतला. ब्रिटनमधला सहकारी मालकीचा तो पहिला पब. २०११ च्या कायद्याने गावाला हक्क दिला की एखादा पब किंवा दुकान गावासाठी मोलाचं आहे अशी नोंद करून घ्यायची. मालकाने ते विकायला काढलं तर पैसे जमवायला गावाला सहा महिन्यांची मुदत मिळू शकते. गावकऱ्यांनी शेअर काढून चालवलेली दुकानं आज ब्रिटनमध्ये चारशेच्या आसपास आहेत. गल्ल्यावर बहुधा एक पगारी माणूस आणि बाकी सेवानिवृत्त स्वयंसेवक असतात.

लँकशरच्या खेड्यांत तर इंटरनेटही असंच आलं. मोठ्या कंपन्यांना थोड्या घरांसाठी तार टाकणं परवडत नव्हतं. २०११ मध्ये लोकांनी बी फॉर आर एन नावाची संस्था काढली, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून फुकट वाट दिली आणि गावकऱ्यांनी स्वतः चर खणून फायबर घातली. शहरातल्या कित्येक घरांना नव्हता तेव्हा त्यांना एक गिगाबिटचा वेग मिळाला. लाल टेलिफोन बूथचंही तसंच. १९३५ साली जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी आखलेला तो बूथ मोबाइलमुळे निकामी झाला, तेव्हा २००८ पासून टेलिफोन कंपनीने एक पौंडाला तो गावाला द्यायला सुरुवात केली. आता कुठे त्यात हृदय बंद पडल्यास शॉक देणारं यंत्र असतं, कुठे पुस्तकं.

गावचं सभागृह ही आणखी एक न दिसणारी पण मोठी सोय. पहिल्या महायुद्धानंतर मेलेल्यांच्या स्मरणार्थ पुतळ्याऐवजी सभागृह बांधावं असं अनेक गावांनी ठरवलं. बालवाडी, मतदान, लग्न, रक्तदान, विमेन्स इन्स्टिट्यूटची बैठक सगळं तिथेच. ही महिलांची संस्था मूळची कॅनडातली, ब्रिटनमध्ये तिची पहिली शाखा १९१५ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावर निघाली.

लॅक्स्टनला जायचं असेल तर

पूर्व किनारपट्टीच्या मुख्य मार्गावरची रेटफर्ड आणि न्यूअर्क नॉर्थगेट ही स्टेशनं जवळची. गावाला स्वतःचं स्टेशन नाही, त्यामुळे पुढे गाडी लागते. डव्हकोट इनच्या आवारात शेतीपद्धतीची माहिती देणारं छोटं दालन आहे. गावाच्या हद्दीत १९९५ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय हॉलोकॉस्ट केंद्रही आहे, त्यासाठी वेगळा वेळ काढावा. शेतांतून जाणाऱ्या पायवाटा सर्वांना खुल्या आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सव्वादोन लाख किलोमीटर वाटांवर चालण्याचा कायदेशीर हक्क आहे, जमीन कुणाचीही असो. जूनमध्ये गेलात तर साइकवर फुलं दिसतील, हिवाळ्याच्या तोंडाशी गेलात तर ताज्या खुंट्या. पेरलेल्या पट्टीवर मात्र पाय टाकू नका. वाट कुठे संपते आणि पट्टी कुठे सुरू होते हे सांगायला तिथे कुंपण नाही.